भुरका

आमच्या घरात भुरका मारायचा हक्क फक्त आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, होता.

रविवारी दुपारी मटण व्हायचं. पांढऱ्या रश्शाची वाटी समोर आली की आबा ती दोन्ही हातांनी उचलत, डोळे मिटत आणि असा भुरका ओढत की माजघरात झोपलेलं मांजर उठून दारात येऊन बसायचं. रस्सा जमलाय की बिघडलाय हे ते तोंडाने कधी सांगत नसत. भुरका केवढा लांब गेला त्यावरून आजी ओळखायची आणि मान न वळवता पुढची भाकरी थापायला घ्यायची. मी एकदा, सात-आठ वर्षांची असेन, आबांसारखीच वाटी उचलून भुरका मारून बघितला. चांगला लागला होता. आजीने चुलीपुढून न उठता, ओठ फारसे न हलवता विचारलं, "पोरीच्या जातीला शोभतंय व्हय गं हे?" ती ओरडली असती तर मी विसरले असते. ती कुजबुजली, म्हणून लक्षात राहिलं.

पुढे पुण्यात कॉलेज आणि मग जर्मनी. डुसेलडॉर्फला येऊन मला आता अकरा वर्षं झाली. इथे सूप चमच्याने, आवाज न करता प्यायचं असतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आजीने शिकवूनच पाठवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आबा पहिल्यांदा इकडे आले. मे महिना होता, म्हणजे इथे पांढऱ्या श्पार्गेलचा हंगाम. (श्पार्गेल ही शतावरीच्या कुळातली भाजी. जर्मन माणूस एरवी जेवणावरून हळवा होत नाही, पण एप्रिलपासून २४ जूनपर्यंत या पांढऱ्या दांड्यांपुढे त्याला दुसरं काही दिसत नाही.) एका जुन्या रेस्टॉरंटात मी आबांसाठी श्पार्गेलचं सूप मागवलं. पांढरं, दाट, वाफाळतं. आठ दिवस ब्रेड, चीज आणि माझ्या हातची घाईची खिचडी खाऊन कंटाळलेल्या आबांचा चेहरा, परगावच्या स्टॅंडवर ओळखीचं माणूस दिसावं तसा झाला. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी वाडगा उचलला.

शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं बघणं होतं. पण मी ओठ न हलवता म्हणाले, "आबा, आवाज नको."

आबांनी वाडगा खाली ठेवला. काही बोलले नाहीत. पुढचे तीन आठवडे त्यांनी सगळं चमच्याने खाल्लं. चहासुद्धा बशीत ओतला नाही. मी तेव्हा मनात म्हटलं, चला, लवकर रुळले.

रामेनचं, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सचं, प्रकरण त्यानंतरच्या नोव्हेंबरातलं.

डुसेलडॉर्फच्या रेल्वे स्टेशनासमोरच्या चौकातून इमरमानश्ट्रास नावाचा रस्ता निघतो. कार्ल इमरमान हे एकोणिसाव्या शतकातले इथले लेखक आणि नाट्यदिग्दर्शक. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज जपानी पुस्तकांचं दुकान आहे, जपानी किराणा आहे, आसपास जपानी बेकऱ्या आहेत, आणि रस्त्याच्या पाटीवर जर्मनखाली जपानी अक्षरंही आहेत. याचं मूळ खाण्यापिण्यात नाही, पोलादात आहे. १९५०च्या दशकात सावरणाऱ्या जपानला यंत्रं आणि पोलाद हवं होतं, आणि रूर खोऱ्यातले कारखाने इथून हाकेच्या अंतरावर. मग व्यापारी कंपन्यांची कार्यालयं आली, त्यामागून बँका, त्यामागून साहेबांची कुटुंबं. १९७१ साली जपानी शाळा सुरू झाली, १९७५ साली इथल्या जपानी लोकांनी नॉर्डपार्कात शहराला एक बाग करून दिली, पुढे ऱ्हाइनपलीकडे बौद्ध मंदिरही उभं राहिलं. आजही या शहरात हजारो जपानी राहतात, आणि त्यांतले बरेच जण तीन-पाच वर्षांच्या बदलीवर आलेले असतात.

या बदलीवाल्यांमुळेच इथलं रामेन चांगलं आहे, असं माझं मत झालंय. ज्या गावात जपानी माणूसच नाही तिथे रामेनवाला स्थानिक जिभेला सांभाळून घेतो, तिखट कमी करतो, वर उगाच कोथिंबीर पेरतो. इथे मात्र समोर बसलेला गिऱ्हाईक गेल्या महिन्यापर्यंत ओसाकात जेवत होता. त्याला फसवता येत नाही. शाहूपुरीतल्या खाणावळीत कोल्हापूरच्याच माणसाला बेताचा रस्सा वाढून बघा, म्हणजे कळेल.

तरी मी आठ वर्षं त्या रस्त्यावरून नुसती ये-जा केली. रांगेचा कंटाळा हे एक कारण. दुसरं म्हणजे, रामेन म्हणजे काय ते मला माहीत आहे असा माझा समज होता. मॅगी आपल्याकडे १९८३ साली आली, नंतर कधीतरी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात 'टॉप रामेन' दिसायला लागलं. त्याला आम्ही 'टॉप रामन' म्हणत असू. हा रामन कोण, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. ते पाकीट निस्सिन या जपानी कंपनीचं, आणि झटपट रामेन १९५८ साली पहिल्यांदा बाजारात आणलं तेही त्याच कंपनीच्या मोमोफुकू आंदो यांनी, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

शेवटी ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने नेलं. हे गृहस्थ मीटिंगमध्ये इतकं हळू बोलतात की सगळे टेबलावर ओणवे होतात. बाहेर बारीक पाऊस आणि अर्धा तास रांग. दार उघडल्याबरोबर चार जण एकदम ओरडले, "इराश्शाइमासे!" म्हणजे या, या. मी दचकले. आत जेमतेम वीस माणसांची जागा, काचांवर वाफ, आणि हाडं उकळल्याचा तो दाट, चिकट वास. कोटाला तो वास चार दिवस राहिला. मी कोट धुवायला टाकला नाही.

आम्हाला ओट्यालगतची बाकडी मिळाली, त्यामुळे सगळं दिसत होतं. आचाऱ्याने रिकाम्या वाडग्याच्या तळाशी आधी काळसर काहीतरी पळीभर ओतलं. त्यावर पातेल्यातलं पांढरं पाणी. मग एक चमचा तेल. मग चाळणीतल्या नूडल्स असा झटका देऊन निथळवल्या की शेवटचा थेंबही बाहेर पडावा. वर डुकराच्या मांसाच्या दोन चकत्या, मधोमध कापलेलं अंडं, कांद्याची पात. सगळं मिळून मिनिटभरात.

सहकाऱ्याने सांगितलं, ते पातेल्यातलं पाणी मुळात बिनमिठाचं असतं. मीठ, सोया, चवीचं जे काय असेल ते तळाच्या त्या काळ्या अर्कात. त्याला 'तारे' म्हणतात. एकाच पातेल्यातून तारे बदलून वेगवेगळे वाडगे निघतात. मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यांना वाटलं मी नम्रपणे खोटं बोलतेय. पण खरंच माहीत होतं. आमच्याकडे मटण शिजलं की तिखट-मसाला पडायच्या आधी त्याचं पाणी काढून ठेवतात, ते अळणी. लहान पोरांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच. मग त्याच पातेल्यातून अर्धं तांबड्या रश्शात जातं आणि अर्धं नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू घालून पांढऱ्यात. आपली तर्री वर तरंगते आणि यांचं तारे तळाशी बसतं, एवढाच फरक. शब्दांचा काही संबंध नाही, पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

त्या पांढरेपणाचीही एक गोष्ट आहे. हाडं मंद आचेवर ठेवली तर पाणी नितळ राहतं. खळाखळा उकळत ठेवली तर चरबी आणि हाडांतला चिकटपणा पाण्यात इतका घुसळला जातो की ते दुधासारखं होतं. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात असं सांगतात की १९४७ साली एका गाडीवाल्याने पातेलं आईच्या भरवशावर सोडलं, तो येईपर्यंत ते उकळून उकळून पांढरंफेक झालं, आणि फेकून द्यायच्या आधी त्याने चाखून बघितलं. आईने जाणूनबुजून केलं असणार, असं मला वाटतं. अशा गोष्टींत श्रेय नेहमी गाडीवाल्याला जातं.

(हो, मी डुक्कर खाते. हे कोल्हापुरात अजून सांगितलेलं नाही. आबा इंटरनेटवर फक्त हवामान बघतात.)

वाडगा समोर आला. मी नूडल्स काड्यांनी उचलल्या, चमच्यात ठेवल्या, व्यवस्थित गुंडाळल्या, फुंकर घातली आणि तोंड मिटून खाल्ल्या. त्याच वेळी शेजारून असा आवाज आला की मला वाटलं नळाला हवा लागली. माझे ते हळू बोलणारे सहकारी वाडग्यावर वाकून, भुवया ताणून, नूडल्सची अख्खी बट एका दमात ओढत होते. त्यांच्या पलीकडे टाय खांद्यावर टाकलेले एक गृहस्थ. त्यांच्या पलीकडे दोन तरुण मुली, कानात झुमके, आणि आवाज आबांना लाजवेल असा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझं गुंडाळणं चालू असताना शेजारचा वाडगा रिकामा झालासुद्धा. सहकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "ओढा. त्या फुगतायत."

ओढलं. पहिल्या खेपेला ठसका लागला, दुसऱ्या खेपेला ब्लाउजवर शिंतोडे उडाले, तिसऱ्याला जमलं. घासाबरोबर हवा आत जाते, त्यामुळे जीभ भाजत नाही, आणि सुगंध घशामागून नाकात चढतो. इतका वेळ चमच्याने मी जे खात होते ते निम्मंच होतं. बत्तिसाव्या वर्षी, चार हजार मैलांवर, माझा पहिला राजरोस भुरका. आजी आठवली, म्हणजे ती आठवणारच होती. पण तिच्यामागून लगेच ते श्पार्गेलचं सूप आठवलं, आणि पुढचे दोन घास नीट उतरले नाहीत.

त्या रात्री मी बसून या आवाजाबद्दल जमेल तेवढं वाचलं. कळलं ते असं की जपानमध्येही सगळं आलबेल नाही. परदेशी पाहुण्यांना या आवाजाचा त्रास होतो, असा सूर निघून २०१६ साली तिथल्या सोशल मीडियावर 'नूडल-छळ' अशा अर्थाचा शब्दही फिरायला लागला. पुढच्याच वर्षी निस्सिनने एक काटा जाहीर केला. भुरक्याचा आवाज ऐकला की तो मोबाइलला खूण करतो आणि मोबाइल दुसरा आवाज काढून भुरका झाकून टाकतो. किंमत १४,८०० येन. ज्या कंपनीने जगाला भुरके मारायला लावले तिनेच हा काटा काढावा, यावर मी रात्री दीड वाजता एकटीच हसत बसले. बाईच्या जातीला भुरका शोभत नाही म्हणणारी आजी हे काम फुकट करत होती.

नूडल्सबद्दल एक गोष्ट मात्र मला वाचून कळली नाही, आधी नाकाला कळली. दुसऱ्यांदा एकटीच गेले होते. पहिल्याच घासाला एक ओळखीचा वास आला, पण जपानी पदार्थात ओळखीचं काय असणार म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला डोळ्यासमोर गच्ची आली. एप्रिलचं ऊन, जुनी लुगडी अंथरलेली, आणि उडदाच्या पिठाच्या गोळ्यावर आई, काकू आणि शेजारच्या दोघी आळीपाळीने वरवंटा हाणतायत. पापडखार! रामेनच्या पिठात 'कान्सुई' घालतात. तो खारच आहे, सोडियम आणि पोटॅशियमचं कार्बोनेट. त्यानेच साध्या गव्हाच्या शेवया पिवळसर होतात आणि त्यांना तो चिवट, उसळता गुण येतो. कान्सुई नसेल तर ते रामेन नव्हे, असं तिथे मानतात. आईही तेच म्हणायची: खार कमी पडला की पापड नव्हे, पोळी होते. मी त्या काउंटरवर बसून फोनवर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग लाटून वाळवत का न्हाईत?"

हे सगळं अस्सल का, असं आता मला इकडचे मराठी मित्र विचारतात, कारण रामेनबाबत मी आमच्या गोतावळ्यातली तज्ज्ञ ठरलेय. मला त्या प्रश्नाचा जरा राग येतो. १९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात राइराइकेन नावाचं दुकान निघालं, रामेनच्या कहाणीत त्याचं नाव फार वरचं आहे. त्याच्या मालकाने आचारी आणले ते योकोहामाच्या चिनी वस्तीतून. कितीतरी वर्षं लोक याला 'चिनी सोबा'च म्हणत. महायुद्धानंतर तांदूळ मिळेना, तेव्हा अमेरिकेच्या गव्हाने ते गल्लोगल्ली पोचलं. म्हणजे चिनी हात, अमेरिकन गहू, जपानी भूक. आता त्यात जर्मन हाडं उकळतात, तर बिघडलं काय?

पण राग येतो म्हणून अस्सल-नक्कल काही नसतंच, असंही मला म्हणवत नाही. कोल्हापूरच्या माणसाने 'व्हेज कोल्हापुरी' खाल्लेली असते, त्याला असला मोठेपणा परवडत नाही. देशभरातल्या मेनूकार्डांवर आमच्या गावाच्या नावाने लाल रंगात बुडवलेलं फ्लॉवर-गाजर मिळतं आणि आमच्या गावात कुणाच्या घरी ते शिजत नाही. त्यात फसवणूक जिन्नसांची नसते. ती भाजी कुणासाठी केलीय तेच तिला माहीत नसतं. इमरमानश्ट्रासच्या त्या वाडग्याला ते माहीत आहे, एवढंच मी म्हणेन. तो वाडगा टाय खांद्यावर टाकून वीस मिनिटांत ऑफिसला परतायचंय अशा, घरापासून लांब असलेल्या माणसासाठी आहे.

या वर्षी आबा पुन्हा आले. ते बहात्तरचे झालेत, कानाला जरा कमी ऐकू येतं. तिसऱ्याच दिवशी मी त्यांना दुपारी अडीचला, रांग ओसरल्यावर घेऊन गेले. चौघांची ती आरोळी ऐकून आबांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. डुक्कर त्यांना चालणार नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्यासाठी तोरी पाइतान सांगते."

"पायताण?" आबांनी खाली स्वतःच्या कापशी चपलांकडे बघितलं.

"पायताण न्हवं, आबा. पाइतान. कोंबडीचा पांढरा रस्सा."

"मग तसं म्हणावं की."

वाडगा आला. आबांनी तोंड वाफेवर धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग चमच्याने थोडं चाखलं. "मसाला न्हाई," ते म्हणाले. आणखी एक चमचा. "पर हाड चांगलं उतरलंय." कोल्हापूरच्या माणसाकडून परदेशी स्वयंपाकाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. आचाऱ्याला जर्मनमध्ये सांगावं असं वाटलं, पण 'उतरलंय' कसं सांगायचं?

काड्या त्यांनी परत केल्या. काट्याने नूडल्सचे तुकडे करून, चमच्यात घेऊन, तोंड मिटून ते खायला लागले. दोन्ही बाजूंनी नुसता गदारोळ चालला होता. कमी ऐकू येत असलं तरी एवढं त्यांना नक्की ऐकू येत होतं. त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि पुन्हा काट्याने तुकडे करायला घेतले.

"आबा," मी म्हटलं, "हितं चालतंय. आवाज झाला तरी चालतंय."

"असू दे," आबा म्हणाले. "आता सवय झाली."

मी काही बोलले नाही. माझ्या वाडग्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या नूडल्स उचलल्या आणि ओढल्या. इतक्या मोठ्याने मी तिथे कधी ओढलं नव्हतं. पलीकडच्या टायवाल्यानेसुद्धा मान वळवली.

आबा बघत राहिले. मग म्हणाले, "म्हातारी असती तर चुलीतलं लाकूड घेऊन उठली असती."

त्यांच्या नूडल्स संपल्या, मग चमच्याचमच्याने रस्साही संपला, तळ दिसायला लागला. "रस्सा मागव की जरा," ते म्हणाले. मी समजावलं, की इथे रस्सा परत वाढत नाहीत. नूडल्स परत मिळतात, त्याला काएदामा म्हणतात, थोडे पैसे देऊन आणखी एक मूठ मागवायची आणि उरलेल्या रश्शात टाकून खायची.

"म्हंजे भाकरी कितीबी आणि रस्सा एकदाच?" आबांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "उलटं हाय की हे."

शेवटी धीर करून मी आचाऱ्याला विचारलं. त्याने मान पुढे काढून आबांचा वाडगा बघितला. पुसून घेतल्यासारखा स्वच्छ. तो हसला, काहीतरी जपानीत म्हणाला आणि पातेल्यातून अर्धं ओगराळं त्यात ओतलं, वर चमचाभर तारे.

आबांनी वाडगा हलवून किती आहे ते बघितलं.

"चिक्कू हाय," ते मला म्हणाले. मग त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी वाडगा उचलला.